थोरल्या भावंडाच्या चार गोष्टी

महाविद्यालयांची माहितीपत्रके तुम्ही कधी वाचली आहेत काय? मुखपृष्ठावर इमारतीचे छायाचित्र असते, आत संस्थापकांचे चरित्र असते, शुल्काचा तक्ता असतो, ग्रंथालयातील पुस्तकांची संख्या असते आणि शेवटच्या पानावर विद्यार्थ्यांसाठी वीस-पंचवीस नियम असतात. सगळे काही असते. फक्त ज्याला उद्या पहिल्यांदाच वर्गात पाऊल टाकायचे आहे त्याच्या मनातले प्रश्न तेवढे त्यात नसतात. तासाला उशीर झाला तर आत जाता येते का? सर इंग्रजीतून बोलू लागले आणि काहीच कळले नाही तर काय करायचे? एका विषयात नापास झाले तर वर्ष गेले का? मेसचे पैसे आधी द्यायचे की महिना भरल्यावर?

ज्या घरातले आई-वडील, काका किंवा थोरली बहीण कॉलेजात जाऊन आलेली असते, त्या घरातल्या मुलाला या प्रश्नांची उत्तरे ताटावर बसल्या बसल्या मिळून जातात. ती मिळाली हेसुद्धा त्याच्या ध्यानात येत नाही. पण घराण्यातून पदवीच्या वाटेला लागलेले पहिलेच माणूस म्हणून जो येतो, त्याने कुणाला विचारावे? प्राध्यापकांची भीती वाटते, कचेरीच्या खिडकीपाशी रांग असते आणि शेजारी बसलेला मुलगाही त्याच्याइतकाच नवखा. मग तो गप्प बसतो. गेली अठरा वर्षे मी मराठी शिकवते आहे. अभ्यास झेपला नाही म्हणून कॉलेज सोडून गेलेली मुले मी पाहिली, ती थोडी. एखादी साधी गोष्ट वेळेवर कुणी सांगितली नाही म्हणून निघून गेलेली मुले त्यांच्याहून अधिक.

आमच्या विभागात दरवर्षी ऑगस्ट महिन्यात एक तास होतो. वेळापत्रकात त्याला नाव नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुले आणि आमच्याकडून पदवी घेऊन पुण्याला विद्यापीठात शिकायला गेलेले चार-दोन जण नव्या मुलांशी बोलतात. अट एकच, आणि तीही मुलांनीच घातलेली : "मॅडम, तुम्ही बसा, पण मागच्या बाकावर बसा आणि मध्ये बोलू नका." शिकवण्याचा धंदा करणाऱ्या माणसाला ही अट किती जड जाते, ते त्या धंद्यातल्यांनाच ठाऊक! परंतु मी ती पाळते, कारण त्या तासाला मी जे ऐकते ते एरवी कुणी माझ्यापाशी बोलणार नाही.

पहिली गोष्ट नेहमी पैशाचीच निघते. गेल्या वर्षी एक विद्यार्थिनी उभी राहिली आणि म्हणाली, "महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज एकदा भरला म्हणजे तीन वर्षांचे काम झाले, असे मी धरून चालले होते. दुसऱ्या वर्षी त्याचे नूतनीकरण करायचे असते हे कळले, तोवर मुदत संपली होती. वडिलांनी दोन शेळ्या विकल्या." एवढे बोलून ती थांबली, आणि मग तिने बोटांवर यादी मोजली. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासाचा दाखला, मागच्या वर्षाची गुणपत्रिका, आधारशी जोडलेले बँकेचे खाते. सगळ्यांच्या पाच-पाच प्रती काढून एका प्लॅस्टिकच्या फायलीत ठेवा आणि ती फाइल घरी ठेवू नका, खोलीवर ठेवा. शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येतात. त्यांच्या भरवशावर मेस लावू नका.

दुसरीने बसचा हिशेब सांगितला. बारावीपर्यंत एस.टी.चा पास मुलींना फुकट असतो, त्यामुळे पुढेही तो असेलच असे कित्येकींना वाटते. बारावीनंतर विद्यार्थ्यांचा मासिक पास काढावा लागतो, आणि त्याला भाड्याच्या साधारण एक-तृतीयांश पैसे पडतात. तिसरीने मुलींच्या फीमाफीचा घोळ उलगडला. २०२४-२५ पासून महाराष्ट्र शासनाने ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल व मागास प्रवर्गांतील मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले खरे; पण ते व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी, आणि तेही शासनाच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून आलेल्यांसाठी. "प्रवेश घेण्याआधी विचारा," ती म्हणाली, "घेतल्यावर विचारून उपयोग नसतो."

पुण्याहून आलेल्या मुलाने शहराचे पाठ दिले. 'कॉट बेसिस'वर जागा घेताना अनामत रकमेची पावती मागून घ्यावी, मालकाला राग आला तरी चालेल. गावी जायचे असेल तर मेसच्या काकूंना आदल्या दिवशी सांगावे, नाहीतर खाडा धरत नाहीत. पहिल्या महिन्यात गादी, बादली आणि टेबलफॅन विकत घेऊ नये. जूनमध्ये शिक्षण संपवून जाणारी मुले या वस्तू निम्म्याहून कमी किमतीत देऊन जातात. ही कारभारी अक्कल कुठल्या अभ्यासक्रमात आहे, सांगा!

मग भाषेचा प्रश्न निघतो, आणि तिथे माझे कान अधिक टवकारतात. माणदेशाकडचा एक मुलगा सांगत होता. पहिल्याच आठवड्यात "मी काल आलो व्हतो" असे तो वर्गात म्हणाला आणि चारदोघे हसले. त्यानंतर दोन महिने तो वर्गात तोंड उघडेना. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करी. नव्या मुलांना त्याने सांगितले, "हसणारे आठ दिवस हसतात. आपण गप्प बसलो तर वर्ष जातं. घरची भाकरी सोडू नका, पण मेसची चपातीही खायला शिका." प्रमाणभाषा आणि बोली यांवर मी तास घेते. इतक्या थोडक्यात ते मला सांगता आले नसते. ज्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती, त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने निघाली, आणि ती त्यांच्या खानदेशी बोलीसकट आज विद्यापीठांत अभ्यासली जातात. तेव्हा बोलीची लाज धरण्याचे कारण नाही. पण परीक्षेचे उत्तर, नोकरीचा अर्ज यांसाठी दुसरी भाषाही हाताशी हवी, हे त्या मुलाला आपले आपण कळले होते.

इंग्रजीची धास्ती याहून मोठी. भौतिकशास्त्राला गेलेली आमची एक माजी विद्यार्थिनी म्हणाली की, पहिला महिनाभर तिला तासातले 'सपोज' आणि 'देअरफोर' एवढे दोनच शब्द ओळखीचे वाटत. मग तिच्या ध्यानात आले की एका विषयात तेच दोन-तीनशे शब्द फिरून फिरून येतात. तिने वहीत रोज दहा शब्द उतरवायला सुरुवात केली, आणि धडा कळेना तेव्हा आधी मराठी विश्वकोशातली त्या विषयाची नोंद वाचली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली ज्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, तो विश्वकोश आता घरबसल्या विनामूल्य वाचता येतो. दिवाळीपर्यंत तिला तास कळू लागला. हुशारीचा प्रश्न मुळात नव्हताच, शब्दांचा होता.

आता कुणी म्हणेल, मुलांचे सगळेच सल्ले असे सोन्याचे असतात काय? मुळीच नाही! "वर्षभर पुस्तकाला हात लावू नका, शेवटच्या आठ दिवसांत जुन्या प्रश्नपत्रिका पाहा," असे छातीठोकपणे सांगणारा महाभाग दरवर्षी एखादा निघतोच. पंचाहत्तर टक्के हजेरीची अट कशी चुकवावी याच्या युक्त्या सांगणारेही असतात. मागच्या बाकावर बसून हे ऐकताना जीभ चावावी लागते. पण इतक्या वर्षांनी एक खूण माझ्या लक्षात आली आहे. सल्ला देणारा स्वतःचे झालेले नुकसान सांगतो आहे की स्वतःची चतुराई, एवढे पाहावे. शेळ्या विकल्या गेल्या तिचे ऐकावे. आठ दिवसांत पास झालेल्याचे ऐकून हसावे आणि सोडून द्यावे. नव्या मुलांनाही हा फरक कळतो, कारण पहिली बोलते तेव्हा वर्गात शांतता पसरते आणि त्यांच्या पेनांचा आवाज ऐकू येतो.

ही रीत आजची नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळाने १९०१ पासून कोल्हापुरात विद्यार्थी वसतिगृहे उभी राहू लागली. तिथल्या एका वसतिगृहात राहिलेले भाऊराव पाटील पुढे कर्मवीर झाले. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे बोर्डिंग चालवायला घेतले. अंगमेहनत करून शिकण्याची त्यांची कल्पना आज 'कमवा आणि शिका' या नावाने पुणे विद्यापीठातही चालू आहे. पुण्यात १९५५ साली स्थापन झालेली विद्यार्थी सहायक समिती खेड्यांतून येणाऱ्या मुलांची राहण्या-जेवणाची सोय करीत आली आहे. या साऱ्यांनी छप्पर दिले, भाकरी दिली, हे आपण नेहमी सांगतो. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट मिळाली, तिचा उल्लेख क्वचित होतो. शेजारच्या वळकटीवर एक वर्ष पुढे असलेला मुलगा निजत असे. घरी नसलेले थोरले भावंड तिथे मिळत होते.

आज या भावंडाची गरज वाढली आहे, असे माझे मत आहे. नवे शैक्षणिक धोरण २०२० साली आले, आणि श्रेयांक, मुख्य विषय, दुय्यम विषय, तीन वर्षांची पदवी की चार वर्षांची, असे नवे शब्द वर्गात शिरले. दहा वर्षांपूर्वी पदवीधर झालेल्या सख्ख्या भावाचा सल्लाही आता पुरा पडत नाही. जो आज शिकतो आहे त्यालाच विचारावे लागते.

आणखी एक गोष्ट त्या तासाला हळू आवाजात सांगितली जाते. घरी फोन केला की "सगळं ठीक आहे" म्हणायचे, आणि फोन ठेवून खोलीचे दार लावून घ्यायचे, असे दिवस पुष्कळांनी काढलेले असतात. एक मुलगा म्हणाला, "आई-बाबांना सांगू नका वाटलं तर, पण एका माणसाला तरी खरं सांगा." रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे आणि १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर देशभरातून तक्रार करता येते. मन फारच खचले तर १४४१६ या 'टेली-मानस'च्या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. हे दोन्ही आकडे मुले फळ्यावर लिहितात, आणि तो फळा आठवडाभर कुणी पुसत नाही.

एका वर्षीची हकिकत सांगते. पहिल्या वर्षात दोन विषय राहिलेला एक मुलगा कॉलेज सोडल्याचा दाखला न्यायला आला होता. चाकणला एका कारखान्यात ठेक्यावरचे काम त्याने ठरवून टाकले होते. कचेरीची जेवणाची सुट्टी झाली होती, बाहेर पाऊस होता, म्हणून तो आमच्या वर्गात येऊन दाराशी बसला. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी बोलत होती : "मला एटीकेटी लागली तेव्हा मी आठ दिवस रडले. शाळेत नापास म्हणजे त्याच वर्गात बसायचं, एवढंच मला ठाऊक होतं. इथे तसं नसतं. राहिलेला विषय पुढच्या परीक्षेला देता येतो आणि पुढच्या वर्गातही बसता येतं. किती विषयांपर्यंत चालतं ते विद्यापीठागणिक वेगळं असतं, ते कचेरीत विचारा." तास संपल्यावर तो मुलगा तिच्यापाशी जाऊन बराच वेळ उभा राहिला. दुसऱ्या दिवशी कचेरीच्या खिडकीवर त्याने दाखल्याचा अर्ज दिला नाही. परीक्षेचा अर्ज मागितला. दोन वर्षांनी तो पदवीधर झाला. त्याला कुणी पैसा दिला नव्हता, शिकवणीही लावली नव्हती. एका मुलीने स्वतःची नामुष्की चारचौघांत सांगितली, इतकेच.

वाचकहो, दिवाळीची सुट्टी आहे. पुण्या-मुंबईहून, नागपूर-संभाजीनगरहून मुले घरी आली असतील. त्यांना गुण किती पडले एवढेच विचारून थांबू नका. मेस कशी आहे, कोणता तास कळत नाही, खोलीवर जोडीदार कोण आहे, हेही विचारा. आणि शेजारच्या आळीत, मळ्यात, वस्तीवर बारावीत शिकणारे एखादे मूल असेल, ज्याच्या घरातून अजून कुणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, तर आपल्या मुलाला फराळाच्या ताटासह त्याच्याकडे पाठवा. चकली खाता खाता अर्धा तास बोलणे होईल. त्या अर्ध्या तासात दाखल्यांची ती यादी तेवढी कागदावर लिहून द्यायला सांगा.