नातेवाइकाची सही पुरत नाही

यवतमाळहून नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात नेलेल्या माणसाला घरच्यांच्या नुसत्या सहीवर आत ठेवता येत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार त्याची संमती नसेल तर दोन आरोग्य व्यावसायिकांनी त्याला स्वतंत्रपणे तपासायचं. त्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञच हवा. अशा पहिल्या भरतीची मुदत कमाल ३० दिवस, आणि निर्णयक्षमता परतली का, हे दर सात दिवसांनी पाहायचं. मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला स्त्री किंवा अल्पवयीन रुग्णाच्या भरतीबाबत तीन दिवसांत, इतरांबाबत सात दिवसांत कळवणं बंधनकारक. साखळदंड तर कुठल्याच सबबीवर चालत नाही, मग ती सबब कितीही काळजीची वाटो. दाद मागायला वकील मोफत मिळतो. त्यासाठी यवतमाळच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.