नावासाठी भांडणारी वकील



जखमेवर हळद लावायची, हे आपल्याला आजीनं शिकवलं. पण १९९५ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला याच उपयोगाचं पेटंट, म्हणजे हक्क, मिळाला. आपल्या देशाच्या सीएसआयआर या संशोधन संस्थेनं हरकत घेतली. तेव्हा संस्थेचे प्रमुख होते गोव्यात जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर. ‘आमच्याकडे सगळ्याच लावतात’ एवढं सांगून भागलं नाही. जुने ग्रंथ, छापील लेख पुढे ठेवावे लागले. १९९७ साली ते पेटंट रद्द झालं.

शोध, नाव, चित्र, गाणं ही डोक्यातून आलेली मालमत्ता. तिला बौद्धिक संपदा म्हणतात आणि तिच्यासाठी कोर्टात लढणारे वकील असतात.

समजा, आपल्या गटाच्या मसाल्याचं नाव झालं आणि दुसऱ्या कुणी तेच नाव, तसंच पाकीट बाजारात आणलं. तर वकीलताई आधी नोटीस पाठवते. ऐकलं नाही तर जिल्हा न्यायालयात दावा लावते आणि निकाल लागेपर्यंत ती विक्री थांबावी म्हणून मनाई हुकूम मागते. कोर्ट विचारतं, नाव आधी कोणी वापरलं? गिऱ्हाईक फसेल का?

नावाची ट्रेडमार्क नोंदणी दहा वर्षं चालते, पुढे वाढवता येते. नोंदणी नसली तरी दाद मागता येते, पण नाव आपण आधीपासून वापरतो आणि गिऱ्हाईक त्यावरूनच आपला माल ओळखतं, हे दाखवावं लागतं. म्हणून पहिलं बिल, जुनं पाकीट, प्रदर्शनाची पावती फेकू नका. वकील कितीही हुशार असली तरी कागद आपणच द्यायचा असतो.

आपल्या मुलींनाही हे काम करता येईल. बारावीनंतर पाच वर्षं किंवा पदवीनंतर तीन वर्षं कायद्याचं शिक्षण, मग बार कौन्सिलची सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा. पुढे ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली शिकायचं. सुरुवातीला कमाई बेताची असते, हेही घरात आधीच बोलून ठेवा. ट्रेडमार्कच्या दाव्यांसाठी विज्ञानाची पदवी लागत नाही.

आणि वकिलाच्या फीची धास्ती वाटते? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलेला मोफत वकील मागता येतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

तर पुढच्या बैठकीत गटाची जुनी बिलं शोधून एका फायलीत लावूया.