हवेच्या झोतावर तोललेली गोळी

जत्रेत एक स्वस्त खेळणे मिळते. प्लॅस्टिकची नळी, तिच्या टोकाला छोटी वाटी आणि वाटीत थर्माकोलची हलकी गोळी. नळीत सावकाश फुंकर घातली की गोळी उचलली जाते आणि हवेत थुईथुई नाचू लागते. खेळ मुलांचा खरा, पण रुग्णालयात याच तत्त्वावर रुग्णाच्या श्वासाचा हिशेब ठेवला जातो.

गोळी वर कशी राहते?

घरी हेअर ड्रायर असेल, तर थंड हवेचा झोत सरळ वर सोडून त्यात टेबल टेनिसचा चेंडू अलगद ठेवा. (मुलांसोबत मोठ्यांनी असावे.) चेंडूचे वजन २.७ ग्रॅम. तेवढे पेलायला खालून ताशी सुमारे ३० किलोमीटर वेगाचा वारा पुरतो. ड्रायरच्या तोंडाशी झोत जोरदार असतो. वर जाताना तो पसरतो आणि मंदावतो. जिथे हवेचा रेटा आणि चेंडूचे वजन यांची बरोबरी होते, तिथे चेंडू ठरतो. आणखी वर गेला तर रेटा कमी पडतो, खाली आला तर वाढतो.

मग तो बाजूला का पडत नाही? समजा, चेंडू उजवीकडे सरकला. आता झोत मुख्यतः त्याच्या डाव्या अंगाने जातो, गोलाईला चिकटून वळतो आणि वरून उजवीकडे फेकला जातो. चेंडूने हवेला उजवीकडे ढकलले, की हवा चेंडूला डावीकडे, म्हणजे पुन्हा मध्याकडे ढकलते. म्हणून ड्रायर थोडा तिरका केला तरी चेंडू झोत सोडत नाही.

ऑक्सिजनची गोळी

२०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत असंख्य कुटुंबांची नजर अशाच एका गोळीवर खिळली होती. ऑक्सिजन सिलिंडरला लावलेल्या मापकात पारदर्शक उभी नळी असते. ती खाली अरुंद आणि वर किंचित रुंद असते. गोळी वर जाते तशी तिच्याभोवतीची फट वाढते, वायूला मोकळी वाट मिळते आणि रेटा घटतो. ऑक्सिजन जितका जास्त सोडावा, तितकी गोळी उंच ठरते. शेजारच्या आकड्यांवरून मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन जातो, ते कळते.

छातीच्या किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला तीन गोळ्यांचे उपकरण देतात, तेही याच जातीचे. मात्र त्यात फुंकायचे नसते. हवा सावकाश आत ओढायची असते, म्हणजे फुप्फुसे नीट फुलतात. अनेकजण नेमके इथेच चुकतात.

घरी ऑक्सिजन लावला असेल तर

मापक सरळ उभे ठेवा. तिरके असल्यास आकडा चुकतो. आकडा गोळीच्या मध्याशी वाचा. डॉक्टरांनी सांगितलेले प्रमाण स्वतःच्या मनाने बदलू नका. गोळी खाली बसली, तर सिलिंडर संपला आहे का, नळी कुठे दुमडली आहे का, ते ताबडतोब पाहा.

आणि सर्वांत महत्त्वाचे : मापकातून ऑक्सिजन जात आहे, एवढेच गोळी सांगते. पुढे नळी निसटली असेल, तरी गोळी वरच राहते. म्हणून गोळी पाहून झाली, की रुग्णाच्या नाकापर्यंतची नळीही एकदा तपासावी.