तळ्यात-मळ्यात, तेही वर्गात!

‘तुमचा बंटी एका जागी बसतच नाही हो!’ पालकसभेत बाईंनी असं म्हटलं, की आपला चेहरा पडतो. घरी आल्यावर बंटीला बोलणी बसतात. पण मैत्रिणींनो, सहा-सात वर्षांच्या पोराने चार-पाच तास बाकावर मूर्तीसारखं बसावं, ही अपेक्षाच चुकीची नाही का?

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं तरी चांगली दमछाक करणारी हालचाल हवी. शाळेला मैदान नाही? बाहेर पाऊस आहे? वर्ग आहेच की! दप्तरं भिंतीशी ठेवायची, बाकं सरकवायची आणि खडूने एक रेघ ओढायची. बाईंनी आकडा सांगायचा. सम असेल तर तळ्यात उडी, विषम असेल तर मळ्यात! जमिनीवर ० ते १० आकडे लिहिले, तर पाचवर उभं राहून पुढे तीन उड्या मारल्या की मूल आठवर पोचतं. बेरीज कळली आणि पायही मोकळे झाले.

चुकणाऱ्याला मात्र ‘आउट’ करून बसवू नये. बहुधा त्यालाच हालचालीची जास्त गरज असते.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला अनुताई वाघांच्या साथीने बालशिक्षणाचं काम सुरू केलं. तेव्हा खेळातून शिकणं आपल्याला काही नवं नाही.

पुढच्या पालकसभेत मान खाली घालू नका. ‘बाई, दोन तासांच्या मध्ये पाच मिनिटं उड्या मारू द्याल का?’ एवढं नक्की विचारा.