कंपनी मोडली, चित्रपट कुणाचा?

जपानमधला एखादा अॅनिमेशन स्टुडिओ दिवाळखोरीत निघाल्याची बातमी आली की आपल्याकडच्या कॉलेजातल्या मुलांनाही चुटपुट लागते. त्या मालिका त्यांनी रात्ररात्र जागून मोबाइलवर बघितलेल्या असतात. पुढचा भाग येणार का, आहेत ते भाग तरी राहणार का, असं ती विचारतात. या प्रश्नांना नीट उत्तर द्यायचं तर मला नाशिकपासून सुरुवात करावीशी वाटते, कारण चित्रपट कंपनी मोडल्यावर चित्रपटांचं काय होतं हे या गावाने फार आधी पाहिलं आहे.

दादासाहेब फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागला आणि त्यानंतर त्यांनी सगळं बिऱ्हाड नाशिकला हलवलं. ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ इथलेच. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्यांनी एक छोटी फिल्म केली, ‘आगकाड्यांची मौज’. तिच्यात काड्या आपोआप हलत होत्या. काडी मांडायची, कॅमेऱ्याने एकच चौकट टिपायची, काडी केसभर सरकवायची, पुन्हा एक चौकट टिपायची. मूकपटाच्या काळात पडद्यावर सेकंदाला साधारण १६ चौकटी धावत, म्हणजे मिनिटभराच्या खेळाला सुमारे ९६० वेळा हाच उद्योग. आज तोक्योत संगणकावर जे चालतं त्याचं मूळ तंत्र हेच आहे. आपल्या देशातल्या अॅनिमेशनच्या अगदी पहिल्या प्रयत्नांमध्ये या फिल्मचं नाव घेतलं जातं. ती आज उपलब्ध नाही.

१ जानेवारी १९१८ रोजी फाळक्यांच्या कंपनीची ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ झाली. वामन श्रीधर आपटे, लक्ष्मण बळवंत फाटक, मायाशंकर भट, माधवजी जेसिंग आणि गोकुळदास दामोदर यांनी पैसा घातला, फाळके कामाचे भागीदार झाले. ‘श्रीकृष्ण जन्म’, ‘कालिया मर्दन’ हे लोकप्रिय चित्रपट या कंपनीतून निघाले. ‘कालिया मर्दन’मधला बाळकृष्ण म्हणजे फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. पुढे भागीदारांशी बिनसलं, दादासाहेब काशीला निघून गेले आणि काही काळाने परतले. १९३१ मध्ये बोलपट आला आणि मूकपटाचा धंदा बसला. फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणूनच तयार झाला होता, त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. तोवर कंपनीचा गाशा गुंडाळला गेला होता.

आता हिशेब बघा. भागीदारी मोडली की आधी देणी भागवायची, मग भागीदारांची भांडवलं परत करायची आणि उरलं तर ठरलेल्या वाट्याने वाटून घ्यायचं, हा आपल्याकडचा कायदा. कॅमेरे, यंत्रं, कपडेपट, जागा यांना गिऱ्हाईक मिळतं. चित्रपटाच्या बाबतीत मात्र दोन वेगवेगळ्या गोष्टी विकायला असतात. एक रीळ, म्हणजे डब्यातली वस्तू. दुसरा हक्क, म्हणजे ती वस्तू लोकांना दाखवण्याचा, तिच्या प्रती काढण्याचा अधिकार. रीळ हातात आहे म्हणून हक्क मिळत नाही आणि हक्काचा कागद हातात आहे म्हणून रीळ सापडत नाही. या विषयातला जवळजवळ प्रत्येक घोळ या दोन गोष्टींची वाट फुटल्यामुळे होतो.

मूकपटांना तर रिळांनीच दगा दिला. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती पेटायला निमित्त पुरतं, आणि नुसती ठेवून दिली तरी चिकट होते, वास मारायला लागते, शेवटी तिची भुकटी होते. शिवाय तिच्यावरच्या थरात चांदी असते. जो चित्रपट आता कुठेच लागणार नाही त्याची रिळं वितळवून चांदी काढणं हा त्या काळी राजरोस व्यवहार होता. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, त्यानंतर तिथल्या पी. के. नायर यांनी नाशिकला फाळके कुटुंबीयांना गाठलं आणि घरात उरलेले तुकडे मिळवले. ‘कालिया मर्दन’ आज बराचसा पूर्ण बघता येतो तो त्या जुळवाजुळवीमुळे. ‘राजा हरिश्चंद्र’ची मोजकीच रिळं हाती लागली, आणि तीसुद्धा १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत असं अभ्यासक मानतात.

हक्कांचं काय झालं म्हणाल, तर काळानेच तो प्रश्न सोडवला. १९५७ च्या आपल्या कायद्याप्रमाणे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं टिकतो. लेखकाच्या बाबतीत मृत्यूनंतर ६० वर्षं, आणि दादासाहेब गेले १६ फेब्रुवारी १९४४ ला, नाशिकमध्ये. कुठल्याही हिशेबाने मुदत उलटली. फाळक्यांचे चित्रपट आता सर्वांचे आहेत, पण त्यातले बहुतेक शिल्लकच नाहीत. याचं मला मनापासून वाईट वाटतं. हक्क खुला होईपर्यंत वस्तू जगवायची कुणी, याचा विचार कुठल्याच भागीदारी करारात नव्हता.

पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचं उलटं झालं. कंपनी १९५० च्या दशकात बंद पडली, स्टुडिओची जागा सरकारने घेतली आणि तिथे १९६० मध्ये आजचं फिल्म इन्स्टिट्यूट उभं राहिलं. चित्रपटांचे हक्क जागेबरोबर गेले नाहीत. ते वेगळे विकले गेले आणि कालांतराने संस्थापकांपैकी दामले यांच्या कुटुंबाकडे परत आले. जानेवारी २००३ मध्ये त्याच आवारातल्या नायट्रेटच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या अनेक मूळ निगेटिव्ह जळाल्या. जागा सरकारची, हक्क कुटुंबाचा, निगेटिव्ह राख.

आता जपान. तिथल्या बहुतेक मालिकांचा हक्क चित्रं काढणाऱ्या स्टुडिओकडे नसतोच. टीव्ही वाहिनी, कॉमिक छापणारा प्रकाशक, खेळणी विकणारी कंपनी, गाण्यांची कंपनी, जाहिरात संस्था असे पाचसहा जण पैसे एकत्र करतात आणि एक निर्मिती समिती नेमतात. हक्क समितीचा आणि नफाही तिचाच. स्टुडिओला ठरलेली मजुरी मिळते, जास्तीचा खर्च मात्र त्याच्याच अंगावर पडतो. मालिका जगभर गाजली तरी ती काढणारे कारागीर तंगीत राहू शकतात ते यामुळे. ही पद्धत मला अन्यायाची वाटते. तिचा एक फायदा मात्र आहे, स्टुडिओ बुडाला तरी मालिका बुडत नाही.

मँगलोबचं उदाहरण घ्या. २००२ मध्ये सुरू झालेला हा स्टुडिओ, ‘सामुराई चँपलू’ ही मालिका त्याचीच. २०१५ मध्ये तो कर्जापायी बंद पडला, तेव्हा एक पूर्ण लांबीचा चित्रपट अर्धवट होता. हक्क आणि पैसा दुसरीकडे असल्यामुळे तो पुरा करायला जेनो स्टुडिओ हा नवा स्टुडिओ उभा करता आला आणि २०१७ मध्ये चित्रपट लागला. स्टुडिओ बुडाला, काम मात्र वाचलं.

गाइनॅक्सचं तसं नव्हतं. १९८४ मध्ये तरुण मंडळींनी काढलेला हा स्टुडिओ, १९९५ च्या ‘इव्हँगेलियन’ या मालिकेमुळे घराघरात पोचला, आणि त्याच्याकडे स्वतःचे हक्कही होते. तिचे दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांनी पुढे बाहेर पडून २००६ मध्ये खारा ही आपली कंपनी काढली. गाइनॅक्सने उपाहारगृहासारख्या भलत्या धंद्यांत पैसा घातला, वरिष्ठांनाच तारणाशिवाय कर्जं दिली, रॉयल्टी थकवली. खारा कोर्टात गेली आणि २०१७ मध्ये १० कोटी येन देण्याचा निकाल मिळवून आली. २०२४ च्या मे महिन्याअखेर गाइनॅक्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. तोवर ‘इव्हँगेलियन’ खाराकडे आलं होतं, ‘एफएलसीएल’ ही दुसरी मालिका २०१५ मध्येच प्रॉडक्शन आयजी या स्टुडिओकडे गेली होती. उरलेल्या कलाकृतींचे हक्क आणि मूळ चित्रं, कागदपत्रं ज्याची त्याला पोचावीत म्हणून खाराने खटपट केली आणि गाइनॅक्स हे नावही स्वतःकडे घेतलं. कंपनी बुडण्याआधी हक्क बाहेर काढणं ही मोठी गोष्ट आहे. एकदा अवसायक आला की त्याचं काम एकच, असेल ते विकून घेणेकऱ्यांना पैसे देणं. पतसंस्था बुडालेल्यांना हा अनुभव वेगळा सांगायला नको. आपल्या २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यातही बौद्धिक संपदा विकण्याजोग्या मालमत्तेत स्पष्टपणे धरलेली आहे.

या सगळ्यात परदेशी प्रेक्षकाच्या हाती येतो तो परवाना. हक्क विकला जात नाही, वापरू दिला जातो, आणि तोही कापून कापून. कुठल्या देशात, किती वर्षं, कुठल्या भाषेत, थिएटरात की टीव्हीवर की मोबाइलवर, हे सगळं करारात लिहिलेलं असतं. आपल्या कायद्यात तर अशी तरतूद आहे की हक्क लिहून देताना मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरायची आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून एखादी मालिका एका सकाळी मोबाइलवरून गायब होते. बहुतेक वेळा तेव्हा कुणी बुडालेलं नसतं, नुसती मुदत संपलेली असते.

मग परवाना चालू असताना मालकच बदलला तर? इथे शेतजमिनीचं उदाहरण चपखल बसतं. मालकाने जमीन विकली तरी कसणारं कूळ उठवता येत नाही, हे आपल्याकडे कुळकायद्याने पक्कं केलं. जपानमध्ये परवानाधारकाला असं संरक्षण नव्हतं. हक्क दुसऱ्याने विकत घेतला की जुना परवाना त्याच्यावर बंधनकारक ठरेलच असं नसे. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हे बदललं. आता परवानाधारक नव्या मालकापुढेही आपला परवाना दाखवू शकतो, त्यासाठी कुठे नोंदणी करायची गरज नाही. सातबाऱ्यासारखा, ज्यावर सगळे फेरफार दिसतील असा सक्तीचा उतारा मात्र चित्रपटांच्या हक्कांना जपानमध्येही नाही आणि आपल्याकडेही नाही. कॉपीराइटची नोंदणी ऐच्छिक आहे. मालकी सिद्ध करायची ती करारांची साखळी जोडून, आणि मधला एक कागद हरवला तर पुढचं सगळं अडतं.

ही साखळी जपली तर काय होतं ते जपानी निर्माते युगो साको यांच्या ‘रामायण’ने दाखवलं. जपानी पैसा, कोइची सासाकी आणि आपले राम मोहन यांचं दिग्दर्शन, पंचवटीतलं पर्णकुटीचं जीवन जपानी हातांनी रेखाटलेलं. १९९० च्या दशकात आलेला हा चित्रपट भारतात थिएटरांत फारसा रुजला नाही, तो टीव्हीमुळे मुलांना पाठ झाला. साको २०१२ मध्ये वारले. तरीही २४ जानेवारी २०२५ रोजी तो ४के प्रतीत, नव्या डबिंगसह आपल्या चित्रपटगृहांत लागला. मूळ साहित्य शाबूत होतं आणि सही करायला अधिकार असलेला माणूस सापडत होता, दोन्ही अटी पुऱ्या झाल्या म्हणून हे जमलं.

आपल्या आवडत्या मालिकेचं काय होईल याचा अंदाज घ्यायचा असेल तर शेवटच्या श्रेयनामावलीत वर्तुळातल्या ‘सी’च्या पुढचं नाव बघावं. तिथे समितीचं नाव असेल तर स्टुडिओ बंद झाला तरी हक्क जागेवर राहतो. एकट्या स्टुडिओचं असेल तर अवसायकाच्या विक्रीकडे लक्ष ठेवायचं.

विक्रीतही कुणी घेतलं नाही आणि वारस म्हणावा असं कुणी उरलं नाही, तर दोन देशांच्या वाटा वेगळ्या होतात. जपानी कायदा सांगतो की कंपनी विसर्जित होऊन हक्क सरकारजमा व्हायची वेळ आली, तर तो हक्कच संपतो आणि कलाकृती सर्वांना मोकळी होते. आपल्याकडे बेवारस मालमत्ता संविधानाच्या कलम २९६ प्रमाणे सरकारकडे जाते. मालक असेल पण सापडत नसेल, तर जपानमध्ये सांस्कृतिक व्यवहार विभागाच्या आयुक्तांचा निवाडा घेऊन, भरपाईची रक्कम जमा करून कलाकृती वापरता येते. भारतात त्यासाठी कॉपीराइट कायद्याचं कलम ३१-अ आहे. आधी कलाकृती वापरण्याचा आपला प्रस्ताव वर्तमानपत्रात जाहीर करायचा, मग अर्ज करायचा, रॉयल्टी ठरली की ती भरायची आणि परवाना घ्यायचा. जुन्या मराठी चित्रपटांपैकी ज्यांची प्रत हाती आहे पण निर्मात्याचा ठावठिकाणा लागत नाही, त्यांच्यासाठी ही वाट आजही खुली आहे.