पिन बदलली आणि गिऱ्हाईक खवळलं

रोटाव्हेटर घ्यायला जाता तेव्हा तुम्ही दुकानदाराला किती हॉर्सपॉवर लागेल ते विचारता, पाती किती ते विचारता, अनुदान बसतं का तेही विचारता. पण "हा माझ्या ट्रॅक्टरच्या पीटीओला बसेल का?" हा प्रश्न सहसा तुमच्या तोंडून निघत नाही. कारण तो बसतोच. ट्रॅक्टर लाल असो, निळा असो की हिरवा, मागचा फिरणारा दांडा बहुतेकांचा सहा खाचांचा आणि मिनिटाला ५४० फेऱ्यांचा. हे माप जगभर ठरून गेलेलं आहे. आता समजा, उद्या एका मोठ्या कंपनीनं नव्या ट्रॅक्टरचा हा दांडाच बदलला आणि वर सांगितलं की जुनी अवजारं जोडायची असतील तर आमच्याकडूनच दीड हजाराचा जोड विकत घ्या. तुम्ही काय कराल? शोरूमच्या दारात ट्रॅक्टर आडवा लावाल.

आयफोन बनवणाऱ्या अमेरिकेतल्या ॲपल कंपनीच्या गिऱ्हाइकांवर ही वेळ आली, आणि तीही एकदा नव्हे, दोनदा. पहिल्या वेळी गिऱ्हाईक चिडलं. दुसऱ्या वेळी बरंचसं खूश झालं. असं का झालं, हे समजून घेण्यासारखं आहे. तुम्ही म्हणाल, आमच्या गावात आयफोन किती? असतील मोजके. पण ई-पीक पाहणी २०२१ पासून मोबाइलवर आली, सातबारा मोबाइलवर आला, बँकेचा ओटीपी मोबाइलवर येतो. त्यामुळे चार्जरची पिन हा आता नुसता शहरी चोचला राहिलेला नाही.

आधी पहिली गोष्ट. ॲपलनं २००३ साली आपल्या आयपॉड या गाणी ऐकायच्या यंत्राला एक रुंद, चपटी पिन दिली. तिच्यात तीस बारीक संपर्क होते. २००७ साली आयफोन आला तोही याच पिनेचा. नऊ वर्षं हीच पिन चालली आणि तेवढ्या काळात तिच्याभोवती मोठा बाजार उभा राहिला. फोन वर ठेवला की गाणं वाजवणारे स्पीकर, हॉटेलच्या खोलीत उशाशी ठेवायची घड्याळं, मोटारीत बसवलेल्या वायरी, असं बरंच काही. लोकांनी फोनवर खर्च केला त्याहून कधीकधी या सामानावर जास्त केला.

मग १२ सप्टेंबर २०१२ ला कंपनीनं आयफोन ५ जाहीर केला आणि पिन बदलली. नव्या पिनेचं नाव लाइटनिंग. ती जुन्यापेक्षा ८० टक्क्यांनी लहान, संपर्क फक्त आठ, आणि उलटी घाला की सुलटी, बसायचीच. वस्तू म्हणून ती चांगली होती, हे मान्य केलं पाहिजे. अंधारात पिन चाचपणाऱ्या माणसाला उलट-सुलटची भानगड नसणं म्हणजे काय सुख, ते लाइट गेल्यावर कळतं. फोन पातळ करायचा तर रुंद पिनेला जागा नव्हती, हेही कंपनीचं म्हणणं खोटं नव्हतं.

पण गिऱ्हाइकाच्या घरात जे सामान पडलं होतं त्याचं काय? कंपनीनं त्यासाठी जुन्या-नव्याला जोडणारा बोटाएवढा तुकडा काढला. किंमत २९ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावानं दीड हजार रुपयांच्या वर. शिवाय त्या तुकड्यातून चित्र, म्हणजे व्हिडिओ, पुढं जात नव्हता. लोक खवळले ते इथं. शेकडो डॉलर देऊन घेतलेला स्पीकर चालू स्थितीत असूनही अडगळीत जाणार, किंवा त्याच्या डोक्यावर हा तुकडा बसवून फोन डुगडुगत ठेवायचा. घरात दोघांचे फोन, एक जुना एक नवा, तर दोन वायरी आल्या. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी गत.

सगळेच चिडले होते असं मात्र नाही. नऊ वर्षं एक पिन टिकली, आता बदलणारच, असं म्हणणारेही पुष्कळ होते. फोनचा खपही काही थांबला नाही. कंपनीचे फिल शिलर यांनी ही पिन पुढच्या दहा वर्षांसाठी आहे अशा अर्थाचं तेव्हा सांगितलं होतं, आणि ती अकरा वर्षं चालली. शब्द पाळला म्हणायचा.

खरी मेख वायरीच्या आत

लाइटनिंगच्या पिनेत एक बारीक चिप होती. वायर अस्सल आहे की नाही हे फोन त्या चिपवरून ओळखायचा. दुसऱ्या कुणाला ही वायर करायची तर ॲपलचा परवाना घ्यायचा आणि त्याचे पैसे मोजायचे. २०१३ मध्ये फोनच्या आतली प्रणाली बदलली, तेव्हापासून परवाना नसलेली वायर लावली की पडद्यावर इशारा यायचा, ही वायर प्रमाणित नाही म्हणून. तुम्ही पिकाचं बी घेता आणि पुढच्या वर्षी त्याच कंपनीच्या दारात परत जावं लागतं, तसाच हा प्रकार. कंपनीचं उत्तर असं की भलत्याच वायरीनं फोन बिघडतो, प्रसंगी आग लागते, म्हणून ही राखण. त्यात तथ्य आहे. पण ज्या घराला एकच दार आणि त्याची किल्ली मालकाकडे, त्या घराचं भाडं मालक ठरवेल तेच असतं. आणि ही महागडी वायर पिनेच्या मानेजवळ लवकर चिरते, ही तक्रार तर जगभरातून होती.

इकडं बाकीच्या फोनांचं काय चाललं होतं ते आठवा. आपल्या एसटी स्टँडवरच्या टपरीत एकेकाळी विचारावं लागायचं, "नोकियाची बारीक पिन आहे का?" कुणाकडे जाड पिन, कुणाकडे बारीक, चिनी फोनची आणखी तिसरीच. मग एका वायरीला पाच-सहा तोंडं असलेले मल्टीपिन चार्जर बाजारात आले आणि लग्नघरात तो एकच चार्जर वऱ्हाडभर फिरायचा. युरोपातही हाच गोंधळ होता. २००९ मध्ये तिथं सुमारे ३० प्रकारचे चार्जर चालत होते. त्या वर्षी युरोपीय आयोगानं मोबाइल कंपन्यांना एकत्र बसवून मायक्रो-यूएसबी या एकाच पिनेवर राजी केलं. सह्या करणाऱ्यांत ॲपलही होती. पण करार खुशीचा होता आणि जोडतुकडा विकून तो पाळता येत होता. बाकीचे एका वाटेनं गेले, ॲपल आपल्या वाटेनं.

पुढं टाइप-सी आली. तिचं माप २०१४ मध्ये जाहीर झालं. संपर्क २४, उलट-सुलट भानगड हिलाही नाही, आणि मुख्य म्हणजे ती कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही. खुद्द ॲपलनं २०१५ पासून आपल्या लॅपटॉपला आणि २०१८ मध्ये मोठ्या आयपॅडला हीच पिन दिली. फोनला तेवढी नाही. म्हणजे एकाच कंपनीचं सामान वापरणाऱ्या माणसाच्या पिशवीत दोन जातींच्या वायरी. आपल्याच जुन्या गिऱ्हाइकांना नाराज करणारी ही गोष्ट कंपनीनं एवढी लांबवली, याला माझ्या मते परवान्याचा पैसा हे एक कारण असलं पाहिजे. कंपनी अर्थात तसं म्हणत नाही.

शेवटी युरोपच्या लोकप्रतिनिधींनी हात घातला. युरोपीय संसदेनं जानेवारी २०२० मध्ये ५८२ विरुद्ध ४० मतांनी ठराव करून आयोगाला सांगितलं की खुशीचे करार पुरे झाले, कायदा आणा. आयोगाचे आकडे असे होते: युरोपात टाकून दिलेल्या आणि न वापरलेल्या चार्जरचा कचरा वर्षाला अंदाजे ११ हजार टन, आणि वेगळे चार्जर विकत घेण्यात लोकांचा खर्च वर्षाला सुमारे २४० कोटी युरो. ॲपलनं विरोध केला. सक्तीमुळं नवी कल्पना मरते, आणि लाइटनिंगची शंभर कोटींहून जास्त उपकरणं विकली गेली आहेत, त्यांच्या वायरी एकदम निकामी झाल्या तर कचरा उलट वाढेल, असं तिचं म्हणणं. आता गंमत बघा. २०१२ मध्ये गिऱ्हाईक जे कंपनीला सांगत होतं, तेच कंपनी २०२० मध्ये सरकारला सांगत होती.

तरीही नव्या कल्पनेचा मुद्दा अगदीच उडवून लावण्यासारखा नाही. २००९ मध्येच मायक्रो-यूएसबीची सक्ती झाली असती तर टाइप-सी कधी रुजली असती, हा प्रश्न रास्त आहे. म्हणून नव्या कायद्यात, पुढं काही चांगलं निघालं तर मापात बदल करायची सोय ठेवलेली आहे. ४ ऑक्टोबर २०२२ ला तो ६०२ विरुद्ध १३ मतांनी मंजूर झाला. फोन, टॅबलेट, कॅमेरे यांना २८ डिसेंबर २०२४ पासून टाइप-सी बंधनकारक, आणि लॅपटॉपसाठी तारीख ठरली २८ एप्रिल २०२६. ॲपलचे ग्रेग जोस्वियाक यांनी त्याच ऑक्टोबरमध्ये सांगून टाकलं की कायदा पाळावाच लागेल.

१२ सप्टेंबर २०२३ ला आयफोन १५ आला, टाइप-सी घेऊन. या वेळी आरडाओरडा झाला नाही असं नाही. घरात डझनभर लाइटनिंग वायरी साठवलेल्यांनी कपाळाला हात लावला. कंपनीनं पुन्हा जोडतुकडा काढला, किंमत पुन्हा २९ डॉलर. अकरा वर्षांत तेवढा भाव मात्र स्थिर. साध्या आयफोन १५ मध्ये माहिती पाठवायचा वेग जुनाच ठेवला आणि वाढीव वेग महागड्या मॉडेललाच दिला, हीही तक्रार झाली, आणि ती योग्य होती. पण एकूण सूर समाधानाचा होता. कारण सोपं आहे. २०१२ ची नवी वायर कुणाच्याच घरात नव्हती. २०२३ ची वायर शेजाऱ्याकडे होती, ऑफिसात होती, लॅपटॉपला होती. बदल तोच, पण पहिल्या वेळी गिऱ्हाईक कोंडलं गेलं आणि दुसऱ्या वेळी सुटलं.

चार्जरच न देण्याची तऱ्हा त्याआधीच सुरू झाली होती. २०२० च्या आयफोन १२ पासून डब्यातून चार्जरचा ठोकळा गायब झाला, कचरा कमी व्हावा म्हणून. ब्राझीलला हे पटलं नाही. तिथल्या न्याय मंत्रालयानं सप्टेंबर २०२२ मध्ये कंपनीला एक कोटी वीस लाख रियालहून जास्त दंड केला आणि चार्जरशिवाय आयफोन विकायला मनाई केली.

आपल्या बाजारात काय बघावं

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक विभागानं २०२२ मध्ये कंपन्यांच्या बैठका घेतल्या आणि भारतीय मानक ब्युरोनं टाइप-सीचं मानक काढलं. तुमच्या नव्या स्मार्टफोनला बहुधा टाइप-सीच असेल. बटनांच्या पुष्कळ फोनांना अजून मायक्रो-यूएसबी आहे. म्हणजे आजोबांचा फोन आणि नातवाचा फोन अजून एका वायरीवर यायचे आहेत.

पण पिन बसली म्हणजे काम झालं असं समजू नका. दिसायला सारख्या दोन टाइप-सी वायरींत फरक असतो. एखादी फक्त चार्जिंगची असते, तिच्यातून फोटो संगणकावर जात नाहीत. ग्रामपंचायतीतल्या ऑपरेटरला आणि सेतू केंद्रवाल्याला हा अनुभव नवा नाही. काही कंपन्यांचं झटपट चार्जिंग त्यांच्याच ठोकळ्यावर आणि त्यांच्याच वायरीवर चालतं. दुसऱ्याचा ठोकळा लावला तर फोन चार्ज होतो, पण बैलगाडीच्या चालीनं.

आठवडी बाजारात पन्नास-साठ रुपयांचा ठोकळा घेताना त्यावर मानक ब्युरोचं चिन्ह आणि 'आर' अक्षरापुढचा आठ आकडी नंबर आहे का ते बघा. हा नंबर बीआयएस केअर या सरकारी ॲपवर टाकून तपासता येतो. पंखा, पंप, चार्जर सगळं एकाच बोर्डावर असलेल्या घरात, तेही गोठ्याच्या किंवा कडब्याच्या गंजीजवळ, नकली ठोकळा परवडत नाही. बिल मागा. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथं फी लागत नाही.

सरपंच आणि ग्रामसेवकांना एक सांगायचं आहे. जुन्या वायरी तांब्यासाठी गावाबाहेर जाळल्या जातात, हे तुम्ही पाहिलं असेल. त्या धुरात प्लॅस्टिकचं विष असतं आणि तो धूर शाळेकडे जातो की गावठाणाकडे, हे वारा ठरवतो. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात एक पेटी ठेवून जुने चार्जर, वायरी आणि फुगलेल्या बॅटऱ्या (या मात्र वेगळ्या) गोळा करायला आणि वर्षाकाठी नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे पाठवायला फार खर्च येत नाही.

आणि तालुक्याच्या गावी जुना आयफोन हप्त्यावर घ्यायला निघालेल्या पोरांसाठी: ५ पासून १४ नंबरापर्यंतचे सगळे लाइटनिंगचे, १५ पासून पुढचे टाइप-सीचे. पैसे देण्याआधी फोन उलटा करून खालचं भोक बघा, आणि वायर डब्यात मिळते की वेगळी घ्यायची, ते विचारा.