तार, मोडेम आणि होस्ट : नवी मुंबईतील डायल-अप पर्वाचा मागोवा

शैक्षणिक संस्थांना जोडणारे ‘अर्नेट’ हे जाळे १९८६ पासून आकाराला येऊ लागले आणि त्याच्या आरंभीच्या टप्प्यात जुहूची एनसीएसटी ही संगणक-संशोधन संस्था व पवईची आयआयटी यांच्यातील ई-मेलची देवाणघेवाण साध्या टेलिफोन लाइनवरूनच होत असे. हीच वाट सामान्य ग्राहकासाठी १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुली झाली. त्या दिवशी व्हीएसएनएल या सरकारी दूरसंचार कंपनीने मुंबईसह चार महानगरांत इंटरनेट सेवा सुरू केली. नवी मुंबईतील वाशी, नेरूळ वा बेलापूरच्या ग्राहकाच्या घरातील मोडेम, म्हणजे संगणकाचे अंकीय संकेत ध्वनीत आणि ध्वनी पुन्हा संकेतांत बदलणारे उपकरण, त्याच्या मालकीचे होते. तार एमटीएनएल या टेलिफोन कंपनीची होती आणि ज्याच्याशी संपर्क साधायचा तो होस्ट, म्हणजे पलीकडचा यजमान संगणक, व्हीएसएनएलचा होता. जोडणी बिघडली की दोष या तिघांपैकी कोणाकडे आहे, हे ठरवण्याचा भार मात्र ग्राहकावरच पडे, आणि त्यातूनच दोष शोधण्याची एक शिस्त घडली.

पहिली तपासणी तारेची असे. पावसाळ्यात केबलच्या सांध्यांत पाणी शिरले की लाइनवर खरखर येई, आणि बोलण्याला जी खरखर चालून जाई ती मोडेमला चालत नसे; म्हणून मोडेम काढून साधा फोन लावून ऐकणे हा पहिला उपाय होता. लाइन स्वच्छ असूनही ‘नो डायल टोन’ असा संदेश आल्यास कारण बहुधा वेगळे असे : परदेशी बनावटीचा मोडेम भारतीय डायल टोन ओळखत नसे, आणि ‘एटीएक्स३’ ही आज्ञा दिली की तो टोनची वाट न पाहता नंबर फिरवी. जुन्या एक्स्चेंजवर टोनऐवजी पल्स पद्धतीने, म्हणजे ‘एटीडीटी’ऐवजी ‘एटीडीपी’ने, डायल करावे लागे.

मोडेमची शिट्टी जुळूनही पडद्यावर अगम्य चिन्हे उमटली, तर त्यांचे निरीक्षण निर्णायक ठरे. काहीही टाइप न करता चिन्हे मध्येच उसळत असतील तर दोष लाइनमधील गोंगाटाचा असे; तीच ठराविक अक्षरे दर वेळी चुकत असतील तर मांडणी जुळलेली नसे, कारण होस्ट सात बिटांचे अक्षर व पडताळणीचा एक पॅरिटी बिट पाठवी, तर ग्राहकाचा संगणक ते आठही बिट अक्षराचे समजे. वेग वाढल्यावर मजकूर तुटू लागला तर संशय संगणकाला मोडेम जोडणाऱ्या सीरियल पोर्टवर जाई. जुन्या पोर्टमध्ये येणारा एकच बाइट साठवण्यास जागा होती, ‘१६५५०’ चिपमध्ये सोळा बाइटांची होती. हे सर्व ठीक असूनही नंबर सतत एंगेज लागत असेल, तर अडचण होस्टकडील मोडेम मागणीला अपुरे पडण्याची होती आणि पुन्हा पुन्हा डायल करण्यावाचून गत्यंतर नव्हते.

नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी सेवादारांना परवाने मिळू लागले. २००५ मध्ये एमटीएनएलची ब्रॉडबँड सेवा आली आणि डायल-अप मागे पडले. तरीही ब्रॉडबँडची डीएसएल सेवा त्याच तांब्याच्या तारेवरून धावत असल्यामुळे ओला सांधा तिलाही तितकाच बाधक ठरला. उपकरणे कालबाह्य झाली, पण एका वेळी एकच घटक बदलून पाहण्याची आणि पुराव्याशिवाय दोष न ठरवण्याची जी सवय त्या पर्वाने हजारो घरांना लावली, तिचे शैक्षणिक मोल कोणत्याही संगणक-अभ्यासक्रमाहून कमी मानता येणार नाही.